मणका, सुया आणि चंद्री

ज्या बाईची कंबर 'जरा धरली आहे' आणि जिनं अजून एक्स-रेचा फोटो काढून घेतलेला नाही, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातल्या एका गवळ्याच्या घरची सून आहे आणि आता साठीला टेकले आहे. बारावी होताच लग्न झालं, आणि त्यानंतर जे काही शिकले ते म्हशीच्या पोटाखाली बसून शिकले. माझ्या मुलीचं, अश्विनीचं, म्हणणं असं की आजारपणात तू येणाऱ्या-जाणाऱ्याला जे ऐकवत होतीस ते एकदा कागदावर उतरव, म्हणजे आमचे कान सुटतील.

आमच्या गल्लीत हाडं ठिसूळ होणं हा पुण्या-मुंबईच्या बायकांचा आजार समजला जातो. आपल्या घरात दूध, आठवड्याला मटण, दिवसभर राबणं, तेव्हा आपलं हाड म्हणजे हाड, असं मीसुद्धा छातीठोकपणे सांगायचे. आमच्या घरचं दूध पिऊन कितीतरी पोरं पैलवान झाली. मी स्वतः कोरा चहा पीत आले, कारण घरच्या बाईनं विकायच्या दुधात कप बुडवायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त होती. त्या शिस्तीत मला कधी काही वावगं वाटलं नाही.

पायाळू

आमचे हे पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं दुधाच्या गिऱ्हाइकाबरोबर ह्यांच्या पायालाही गिऱ्हाईक असे. कुणी पोतं उचलताना लचकलेला, कुणी तालमीत पडलेला, येऊन उंबऱ्याजवळ पालथा व्हायचा. हे मिशीवरून हात फिरवत येत आणि त्याच्या कमरेला पाय लावत. निम्मे लोक खरोखर उठून चालायला लागायचे आणि जाताना पाया पडायचे. पायाच्या पाया पडतात, म्हणून मी चेष्टा करायचे.

त्या सकाळी मी आंबोणाची, म्हणजे पेंड-भुशाची, पाटी उचलून आमच्या चंद्री म्हशीपुढं ठेवायला वाकले आणि पाठीत कट् झालं. श्वास घेता येईना. भिंत धरून कशीबशी घरात आले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सतरंजी अंथरली.

"पड पालथी," म्हणाले. "आख्ख्या गल्लीच्या कमरा सुटल्या माझ्या पायानं. घरचीच ऱ्हाईल व्हय?"

मी पडले. मला शंकासुद्धा आली नाही. पाय टेकला आणि मी जी किंचाळले, ती शेजारच्या घरातून माणसं धावत आली. त्यानंतर मला उठून बसता येईना. दोन बाळंतपणं झाली माझी, एक पोर गेलं, तरी असं दुखणं मी पाहिलं नव्हतं. हे सतरंजीच्या कडेला उभे राहून स्वतःच्या पायाकडं बघत होते.

फोटो

अश्विनी जयसिंगपूरला एका दवाखान्यात डॉक्टर आहे. डॉक्टरकी शिकायला चीनला गेली होती ती. बातमी कळताच ती गाडी घेऊन आली, बापाला वाटेल तसं बोलली आणि मला फळीवर घालून हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. मणक्यांची सरळ उतरंड होती. त्यातलं एक मडकं दबून चपटं झालेलं मलासुद्धा दिसलं. हाडं आतून पोकळ झालीत म्हणाले, पुढच्या तपासणीत ते पक्कं होईल. मग विचारलं, कुठं पडलात का, कुणी पाठ दाबली का? मी अश्विनीकडं बघितलं.

"माझा पाय लागलाय तिला," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की दुसरंच कुणी बोललं असं मला वाटलं.

डॉक्टर रागावले नाहीत. मणका आधीच दबला असणार, इतक्या कमजोर हाडाला पाटीचं ओझंही पुरतं. पायानं किती भर घातली ते मी सांगू शकत नाही, असं म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर ह्यांचं मन मोकळं झालं असतं. 'सांगू शकत नाही' हे तीन शब्द घेऊन हा माणूस घरी आला आणि त्या दिवसापासून त्यानं कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. लोक यायचे, हे आत निघून जायचे.

दवाखान्यातले दिवस एकसारखे होते. कूस बदलायची तर दोघीजणी मिळून ओंडका वळवावा तशा वळवायच्या. पोटरीला खाज सुटली तरी दुसऱ्याला सांगायचं. लाज पहिल्या दिवशीच मेली. चंदगडकडची एक सिस्टर होती, ती ड्यूटी संपली की माझे केस विंचरून घट्ट वेणी घालायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेणीमुळं मला मी बाई असल्यासारखं वाटायचं, नाहीतर मी नुसती पाठ झाले होते.

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. पट्टा बांधायचा, इंजेक्शन चुकवायचं नाही, गोळ्या, ऊन आणि दुखणं सोसेल तितकं चालणं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही.

मी विचारलं, "मग धार?"

"ते आता विसरा," ते म्हणाले.

हाडं पोकळ झाली हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आता आलं.

साडी

एके काळी आमचा गोठा भरलेला होता. एकेक करून म्हशी गेल्या आणि शेवटी उरली चंद्री. पंढरपुरी जातीची, पाठीपर्यंत गेलेली लांब शिंगं, कपाळावर पांढरा ठिपका. तिची आई वितानाच गेली, म्हणून तिला मी बाटलीनं वाढवलेली. दुसऱ्याचा हात तिला माहीतच नव्हता. पहाटे मी तिच्या कुशीला कपाळ टेकून बसायचे. तिच्या पोटातला गुडगुड आवाज कानाशी, बोटांत ऊब, बादलीत धार. घर झोपलेलं असे. दिवसातला तेवढाच वेळ माझा एकटीचा होता. हे मला तेव्हा समजत नव्हतं. खाटेवर पडल्यावर समजलं आणि मग दुसरं काही सुचेना.

ह्यांनी धार काढायचा प्रयत्न केला. चंद्री पान्हवेना. मग कुणीतरी जुनी युक्ती सांगितली आणि ह्यांनी माझी हिरवी साडी नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि मिशीवर पदर दाबून गोठ्यात गेले. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघत होती म्हणे. मला हसताना पाठीत कळ यायची, तरी मी हसत होते. थोड्या वेळानं बादली उलटल्याचा आवाज आला. चंद्री साडीला फसली नव्हती.

दूध आत राहून तिची कास सुजली. जनावरांचे डॉक्टर आणले, औषध झालं, पण रोजचा प्रश्न तसाच. एका दुपारी हे माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले.

"चंद्री उचगावला दिली," म्हणाले. "घर चांगलं हाय. तू उभी ऱ्हा, बसाय-उठाय लाग, मग आणतो परत. शब्द हाय माझा. त्यांस्नीबी सांगून ठेवलंय."

मला विचारलं नव्हतं. मी तोंड फिरवलं ते बरेच दिवस फिरवलेलंच ठेवलं. हे पाणी आणून द्यायचे, मी पेला घ्यायचे, पण बोलायचे नाही. माझी शिक्षा त्यांना आणि त्यांचं मौन मला, असा संसार चालला होता. मनात मात्र एकच घोकत होते: उठायचं, आणि तिला घरी आणायचं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून मालकाच्या मोटारसायकलीमागं पळवतात आणि म्हैस मालकाच्या हाकेला धावते. त्या दिवशी गल्लीत फटाक्यांसारखे गाड्यांचे आवाज, हाका, घुंगरं. मी आत पट्टा बांधून पडलेली. आमच्या गोठ्यातून काहीच आवाज नव्हता. मी उशी तोंडावर घेतली.

जीभ दाखवा

इंजेक्शन झालं, गोळ्या चालू होत्या, हाडांचे डॉक्टर चाला म्हणत होते. पण मी चालेना. पाय जमिनीला लावला की वाटायचं, पडणार आणि दुसरा मणका जाणार. रात्र-रात्र झोप नाही, गुडघ्याखाली पाय बर्फ.

अश्विनीला कॉलेजात चीनच्या जुन्या वैद्यकाचाही एक विषय होता. तिनं सांगितलं की त्याच देशात शिकून आलेल्या एक बाई राजारामपुरीत सुयांचा, म्हणजे अॅक्युपंक्चरचा, दवाखाना चालवतात, आपण जाऊ. मात्र चालू औषध बंद करायचं नाही. ह्यांना पटलं नाही. "चिन्यांचा चार्जर टिकत न्हाय महिनाभर आन् ते हिचं हाड टिकवणार," म्हणाले. पण रिक्षा त्यांनीच आणली.

बाई हळू बोलणाऱ्या. फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. मनगटावर तीन बोटं ठेवून दोन्ही हातांची नाडी कितीतरी वेळ बघत बसल्या. जीभ दाखवा म्हणाल्या. मग प्रश्न सुरू झाले. पाय गार पडतात का? कानात आवाज येतो का? केस कधीपासून गळतायत? रात्री लघवीला उठता का? बाळंतपणं किती, त्यानंतर विश्रांती किती? मी म्हटलं, विश्रांती कसली, पाचव्या दिवशी गोठ्यात होते.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. त्यांच्या शास्त्रात हाडं ही मूत्रपिंडाच्या हवाली असतात. जन्माला येताना आईबापांकडून मिळालेली शिदोरी तिथं ठेवलेली असते. हाडं, हाडांतली मज्जा, दात, केस, कान, सगळे त्याच शिदोरीवर जगतात. बाळंतपणं, अतिकष्ट, जागरणं यांत ती सरत जाते, आणि भीतीनं सगळ्यात जास्त. आपल्या तपासणीत ही शिदोरी कुठं दिसणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. हा विचार करायचा एक जुना रस्ता आहे म्हणाल्या, मोडलेलं हाड मात्र हाडांच्या डॉक्टरांकडंच.

मग विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

इतक्या दवाखान्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पडण्याची, मी म्हटलं. त्यांची बोटं नाडीवरच होती. मग माझ्या तोंडून निघालं, "चंद्रीची. ती माझ्याबिगर कुणाला दूध द्यायची न्हाय. तिचे हाल होतील." आणि मी रडायला लागले. चंद्री कोण, हे अश्विनीनं त्यांना समजावून सांगितलं.

सुया केसासारख्या बारीक होत्या. घोट्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागं, हातावर. टोचताना फार कळत नाही, नंतर जड-जड वाटतं. पोटावर आणि पायांवर त्या एका वाळक्या पानांची जळती कांडी धरून शेक द्यायच्या. पहिल्यांदा धूर आला आणि मी दचकले, कारण वास थेट दवण्याचा. जोतिबाला वाहतात तो दवणा. ती पानं दवण्याच्याच कुळातली, असं बाईंनी सांगितलं. मी डोळे मिटून डोंगरावर जाऊन आले. त्या वर्षी यात्रा चुकली होती.

रोज करायला त्यांनी एकच गोष्ट दिली. गुडघे किंचित सैल सोडून ताठ उभं राहायचं आणि हात असे धरायचे की झाडाला मिठी मारली आहे. तिकडची म्हातारी माणसं सकाळी बागेत अशीच उभी असतात म्हणे. मला झाड काही दिसेना. मी चंद्रीचा गळा धरला. पहिल्या दिवशी पाय थरथरले, पण पडले नाही. मग रोज धरायला लागले. मिठी सोडल्यावर हात रिकामे राहायचे, त्याला मात्र कुणाकडं औषध नव्हतं.

अळणी

बाईंनी खाण्यातही काळं सुचवलं होतं. काळे तीळ, काळे उडीद, जोडीला अक्रोड. काळा रंग मूत्रपिंडाचा, असं त्यांचं गणित. आणि नळीच्या हाडांचं पाणी: मंद आचेवर बराच वेळ उकळायचं, चमचाभर व्हिनेगर घालायचं, तिखट नाही, मसाला नाही.

हाडांचं पाणी म्हटल्यावर ह्यांच्या अंगात आलं. आजवर ज्या माणसानं चहा केला नव्हता, तो सकाळी उठून मटणवाल्याकडं जायला लागला. पण कोल्हापूरच्या माणसानं हाडं शिजवायची आणि त्यात चटणी घालायची नाही? पहिल्या दिवशी अळणी पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यात आलं-लसूण. आठवडा जाईपर्यंत त्याचा चांगला तर्रीदार तांबडा रस्सा झाला होता. वरून म्हणायचे, "हाडाचा अर्क हाय की त्यात, तिखटानं काय उडून जातंय व्हय?" माझ्या पोटात आग पडली. अश्विनीनं विचारपूस केली तेव्हा चोरी पकडली गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी पातेलं पुन्हा चढवलं आणि गॅससमोर स्टूल टाकून बसले. वाटी आणून दिली. मी चव घेतली. गोठ्यातल्या पाण्यासारखं अळणी.

"आता बरं हाय?" त्यांनी विचारलं.

"बरं न्हाय," मी म्हटलं. "पण बरोबर हाय."

कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले होते. ते तिथंच खाटेच्या कडेला टेकले. म्हणाले, "माझ्या पायाला कुणी हात जोडला की मला भारी वाटायचं. तुझ्या पाठीवर ठेवला तवाबी भारीच वाटलंतं." त्यांचा राग मला त्यानंतर धरता आला नाही.

उचगाव

सुयांनी माझं हाड भरलं, असं मी म्हणणार नाही. पुढच्या तपासणीत हाडांचे डॉक्टर म्हणाले, घसरण थांबली आहे. ते इंजेक्शनाचं, उन्हाचं, चालण्याचं काम. पण मी चालायला लागले ते भीती उतरल्यावर. झोप आली, पाय गरम झाले, हे त्या दवाखान्यातलं. कुणाला किती श्रेय ते मला वाटता येत नाही, आणि मला त्याची गरजही नाही. मला एकच विचारायचं होतं, धारेचं, आणि मी ते हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा विचारलं. त्यांनी विचार केला. गुडघ्याएवढ्या स्टुलावर, पाठ ताठ ठेवून, थोडा वेळ बसा, बादली दुसऱ्यानं उचलायची, असं म्हणाले.

ह्यांनी गोठा धुतला. दावं नवीन आणलं. शब्द दिला होता, तो पाळायला ते माझ्यापेक्षा उतावीळ होते. संध्याकाळच्या धारेच्या वेळी आम्ही रिक्षानं उचगावला गेलो.

त्या घरची तरुण सून बाहेर आली. गोठ्यात नेलं. चंद्री शेवटाला बांधलेली होती, अंगावर तुकतुकी, कास निकोप. मी लांबूनच हाक मारली, "चंद्रेऽ!" तिनं कान वळवले. मान उचलून माझ्याकडं बघितलं. मी जवळ गेले तर माझा हात हुंगला, एक लांब श्वास सोडला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

सून म्हणाली, "थांबा काकू, येळ झालीया तिची." ती खाली बसली, कासेवर पाणी मारलं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. आणि लगेच पान्हा आला. बादलीत धार वाजायला लागली, तोच आवाज.

माझ्या नाडीवर बोटं ठेवणाऱ्या त्या बाईंना मी खोटं सांगितलं होतं. मुद्दाम नाही, मलाच माहीत नव्हतं. ती दुसऱ्या कुणाला दूध देणार नाही याची मला भीती नव्हतीच. ती देईल याची होती.

सुनेनं वर बघितलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे. ती उठून बाजूला सरकली. "या काकू, बसा की. तुमचीच हाय ती."

स्टूल ह्यांच्या हातात होतं. मी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरारली, माशी बसल्यावर थरारते तशी. परत नेली तर पुन्हा अनोळखी गोठा, पुन्हा कास सुजणार, पुन्हा औषधं. आणि माझी पाठ किती दिवस साथ देणार, ते कुणी लिहून देत नव्हतं. मी सुनेला म्हटलं, बस तू, अर्ध्यावर सोडू नये.

"टेम्पो सांगू न्हवं उद्याला?" बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "सुखानं पान्हवती हितं."

रिक्षात मी रडले. शहाणपणानं सोडून दिली असं लोक म्हणतात, पण मला त्या पोरीचा हेवा वाटत होता आणि अजून वाटतो. ह्यांनी मांडीवर स्टूल धरलं होतं.

आता मी रोज उन्हात चालते. मिठी मारून उभी राहते. इंजेक्शनाची तारीख चुकवत नाही, तीळ-अक्रोड खाते. कंबर धरलेल्या बाईला माझं एवढंच सांगणं आहे की पाठीला कुणाचाही पाय लावून घेण्याआधी फोटो काढून घे, आणि भीती कशाची वाटते हे कुणी विचारलं तर पहिल्या उत्तरावर थांबू नकोस.

एक मात्र गेलेलं नाही. धारेच्या वेळेला मला अजून जाग येते आणि अंथरुणातच माझ्या मुठी आपोआप आवळतात, सुटतात, आवळतात. मी दाबून धरल्या तरी थांबत नाहीत. हे शेजारी जागे असतात. परवा त्यांनी अंधारात चाचपडत माझा हात धरला, स्वतःचा अंगठा माझ्या मुठीत दिला आणि तोंड भिंतीकडं करून पडून राहिले. मी तो हळूहळू ओढत राहिले, उजाडेपर्यंत.